आसावरीचा दारवान

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. एवढासा! फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावेन. नाव माझं दारवान. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या चित्रावर टिचकी मारली, की मी हवा तो फोल्डर उघडून द्यायचो.

सत्त्याण्णव साली बंगळूरला, व्हाइटफील्डच्या एका छोट्या कंपनीत आसावरीने मला लिहिलं. नागपूरची पोरगी. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असं उघडता उघडता वैतागली आणि म्हणाली, "थांबा, याचा बंदोबस्तच करते!" तिचे साहेब हणमंतराव बेळगावकडचे. मला पाहून म्हणाले, "भारी की हो! सगळ्यांच्या मशीनवर घाला." वर्षभर माझा काय तो थाट!

मग एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतून तो आला. त्याचं नाव मी घेणार नाही. मी त्याला दीडशहाणा म्हणतो. मला प्रत्येक फोल्डरची वाट आधी शिकवावी लागे. याला नावाची दोन अक्षरं दिली, की हा शोधून काढी. शिवाय उघडल्या उघडल्या, शेवटी कोणते फोल्डर पाहिले तेही मांडून दाखवी, मग ते माझ्याकडून उघडलेले का असेनात. आसावरी म्हणाली, "अगं बाई, किती हुशार आहे हा!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला ती कधी हुशार म्हणाली नव्हती.

हणमंतरावांनी ठरवलं, दोघांपैकी एकच ठेवायचा, दुसरा सगळीकडून पुसून टाकायचा. तुलना आसावरीनेच करून दाखवायची. मी मनात म्हटलं, देवा, याची फजिती कर!

सगळे तिच्या टेबलाभोवती जमले. मी माझं काम नीट केलं. मग तिने त्याला उघडलं, आणि त्याने पहिल्याच ओळीत नाव दाखवलं: 'अमेरिका नोकरी अर्ज'.

सगळ्यांनी ते वाचलं. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या! तो फोल्डर ती महिनाभर माझ्याकडूनच उघडत होती, पण मी कधी ब्र काढला नव्हता. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पार उतरला होता. माझा आनंद तिथेच विरला.

"जाणार काय गं तू?" हणमंतरावांनी विचारलं.

"सर, रोज सांगेन सांगेन म्हणत होते. जीभच रेटत नव्हती."

साहेबांनी मान हलवली. "सरी, ठीक आहे. जा पोरी, चांगलं होऊ दे. स्वल्प आधी सांगायचंस, एवढंच." मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण असला चहाडखोर नको हां आपल्याला. दारवानच राहू दे."

मी जिंकलो होतो!

शेवटच्या दिवशी आसावरीने कॉम्प्युटरात कोरी फ्लॉपी घातली. मी सावरून बसलो. आणि तिने तिच्यावर त्याला उतरवून घेतलं. त्या दीडशहाण्याला!

शेजारच्या टेबलावरचा शुभंकर ओरडलाच, "अगं, यानेच तर तुला तोंडघशी पाडलं!"

"पाडलं म्हणून सुटले रे," ती हसून म्हणाली. "नाहीतर अजून तशीच कुढत बसले असते."

म्हणजे गुपित पोटात ठेवलं मी, आणि अमेरिकेला गेला तो! तिने मला लिहिलं, त्याला नव्हे. अजून जळतो मी.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू मुकाट राबत असेल. नवी आणायची तर खुशाल आणा. पण जुनीसमोर नवीचं कौतुक करू नका, आणि निरोप तिचाही घ्या.