तपासलेला कॅन

बाबांची गाडी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि लाडही तिचेच जास्त झाले. तिला साधं पेट्रोल चालायचं नाही. हल्ली सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं मिळतं. ते जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खातं, पाणी ओढून घेतं. म्हणून बाबा दर महिन्याला शहराबाहेरच्या एका पंपावरून बिनइथेनॉलचं पेट्रोल कॅनमध्ये आणायचे. वर त्याची परीक्षा! उभा जन्म प्रयोगशाळेत गेलेला माणूस. खुणांच्या काचनळीत थोडं पाणी, त्यावर पेट्रोल, आणि हलवून ठेवायचं. इथेनॉल असलं तर ते पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. थर वाढला नाही, तरच कॅन गॅरेजमध्ये जायचा.

मी मदतीला गेलो की "तुला नाही कळायचं" हे ठरलेलं. माझ्या बायकोला गॅरेजमध्ये शिलाई मशिनं टाकायची होती. बाबा म्हणायचे, गाडी चालतेय तोवर ती जागा तिची. मग ती चालू नये, याच्या मी मागे लागलो. परीक्षा आटोपून बाबा दुपारचे आडवे झाले की मी कॅन माझ्या गाडीत रिकामा करायचो आणि त्यात नाक्यावरचं साधं पेट्रोल भरून ठेवायचो.

सहा महिन्यांत गाडीने मान टाकली. मेकॅनिकने फुगून चिकट झालेला पाइप दाखवला आणि म्हणाला, काका, साधं पेट्रोल भरलंय तुम्ही. बाबा त्याच्या अंगावर धावून गेले. मग टाकीतलं पेट्रोल काढून त्यांनी स्वतः तपासलं. थर वाढला. तीनदा तपासलं, तीनदा वाढला.

मी दारातच उभा होतो. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संशय घ्यावा एवढीही माझी लायकी त्यांनी कधी धरली नव्हती.

"प्रत्येक कॅन मी तपासला होता," ते काचनळीकडे बघत म्हणाले. मग हळूच, "तपासला होता ना रे मी?"

"वय झालं की होतं असं, बाबा."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. आठवड्याभरात गाडी भंगारात गेली आणि गॅरेजमध्ये मशिनं आली. बाबांनी गॅस पेटवणं सोडलं. गोळ्यांचा डबा माझ्याकडे आणून दिला, म्हणाले, माझा माझ्यावर भरवसा नाही. आता दार लावलं का, आंघोळ झाली का, सगळं मला विचारतात.

परवा कामाच्या गडबडीत त्यांना वाढायचंच राहून गेलं. चार वाजता ते गॅरेजच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मी जेवलो का रे?"

मी ग्राहकाशी बोलत होतो. "जेवलात की," म्हणालो.

"असं होय," म्हणाले, आणि आपल्या खोलीत जाऊन पडले.