डाल्याखालचे आठ तितर

"हे कुणाला खरं वाटणार नाही. माझ्या सख्ख्या भावाला वाटलं नाही, मरेपर्यंत मला खोटारडा म्हणत राहिला. पण झालं ते असंच झालं," असं म्हणून निसारचाचांनी पिंजणाची तात एकदा टणकारली आणि कापसाचा पुंजका हवेत उडवून दिला.

नाशकात पिंजार घाटावर चाचांचं दुकान. थंडी तोंडावर आली की तिथं गिऱ्हाईक बसूनच असायचं. जुन्या गादीचा कापूस पिंजून होईस्तोवर बसायचं तर रिकामं कशाला बसा? चाचांचे हात कापूस पिंजत, तोंड गप्पा पिंजे, आणि दोन्ही जिनसा मूळच्या चौपट फुगून बाहेर पडत. गिऱ्हाइकाची ना कापसाबद्दल तक्रार असे, ना गप्पांबद्दल.

त्या दिवशी दोघं बसली होती. एक मखमलाबादची चंद्रभागा, भाजीवाली, गोधडीएवढा काळपट कापूस घेऊन आलेली. दुसरा गोटीराम टांगेवाला, टांग्याची गादी भरून घ्यायला आलेला. त्याचा घोडा बाहेर तोबऱ्यात तोंड घालून उभा होता. आणि आतल्या बाजूला, दुकान आणि घर यांच्यामधल्या पडद्याआड, चाचांची लेक रेहाना तांदूळ पाखडत होती. कालच येवल्याहून माहेरी आली होती. रेहाना घरात असली की चाचा हा किस्सा काढत नसत. गेली चार वर्षं एवढं एक पथ्य त्यांनी पाळलं होतं. पण आज विषयच आपल्या पायानं दुकानात चालत आला.

आणला चंद्रभागेनं. तिच्या शेळीला बोकड झालं होतं आणि नातीनं त्याचं नाव बाळ्या ठेवलं होतं.

"आमच्यात पाटीला, मादी करडाला, नाव ठेवत्यात, बोकडाला नाय," चंद्रभागा म्हणाली. "पाट घरी ऱ्हाती, बोकड जातं. आता ह्या पोरीनं नाव ठेवून बसवलं. हाक मारली की येतंय ना ते! सून म्हनती खाटकाला द्या. आता हाकेला येनारं कसं द्यायचं?"

"आणि बिननावाचं खाताना मावशीला काही वाटत नाही," गोटीराम म्हणाला.

"त्ये बोकड नसतंय, मटन असतंय."

"वा रे न्याय! माझा घोडा उद्या गेला तर मी तेरा दिवस दाढी करणार नाही. मात्र बुधवारी मटण लागतं म्हणजे लागतं. दोन्ही चार पायांचीच."

"घोडं कोन खातंय? खात असतास तर त्याचं नाव राजा ठेवलं नसतंस, गोट्या."

गोटीराम हसला खरा, पण त्यानं बाहेर घोड्याकडं एकदा बघून घेतलं. मग त्याची नजर आढ्याला टांगलेल्या वेताच्या रिकाम्या पिंजऱ्यावर गेली. "चाचा, तुमचंही एक नावाचं होतं ना? हा पिंजरा कशाला जपून ठेवलाय?"

चाचांनी पडद्याकडं पाहिलं. सुपाचा आवाज एका तालात चालू होता. मोह मोठा होता. त्यांनी आवाज थोडा खाली आणला आणि ते 'कुणाला खरं वाटणार नाही' म्हणून झालं.

तर त्या पिंजऱ्यात एक तितर होता आणि त्याचं नाव वकील.

म्हसरूळच्या डोंगराखाली झुडपातून चाचांनी तो अंड्यातून निघाल्या-निघाल्या उचलला होता. मुठीत मावायचा. रोज सकाळी चाचा काठीनं वारूळ उकरून त्याला वाळवी चारत, स्वतःचा चहा नंतर. मोठा झाल्यावर तो पिंजऱ्याबाहेर सोडला तरी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं चाचांच्या मागं मागं धावे, आणि लोक म्हणत, निसारनं कुत्रा पाळला नाही, बरं केलं, कुत्र्याला लाज वाटली असती. पिंजणाची तात वाजली की तो उत्तर द्यायचाच. तात गप्प झाली की हाही गप्प.

"आणि बोलणं कसं? एकदा साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर याला घेऊन गेलो होतो. एका साहेबाच्या टोपीत तितराचं पीस खोचलेलं. यानं एक आरोळी दिली, अन् ती टोपी साहेबाच्या डोक्यावरून उतरून गवतातनं टुणटुण उड्या मारत याच्याकडं आली!"

"आणि साहेब?" गोटीरामनं विचारलं.

"साहेब टोपीच्या मागं. टोपी काही परत बसेना त्याच्या डोक्यावर."

चंद्रभागा पदर तोंडाला लावून हसली. चाचा खुलले. टोपी सोडली तर आतापर्यंतचं सगळं अक्षर न् अक्षर खरं होतं, त्यामुळं त्यांना हुरूपही आला होता.

वकिलाचं काम निराळंच होतं. पहाटे माळावर त्याचा पिंजरा ठेवायचा आणि भोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे मांडायचे. वकील आरोळी द्यायचा. रानातल्या तितराला वाटायचं, हा कोण आपल्या हद्दीत शिरला? छाती काढून भांडायला यायचा तो फाशात पाय देऊन उभा. चाचा त्याला सोडवून पिशवीत टाकत आणि वकिलाला दोन वाळव्या जास्त देत. घरी आल्यावर पिशवीतला शकीलाचाचीच्या पातेल्यात जाई आणि पिंजऱ्यातला चाचांच्या उशाशी. कित्येक वर्षं असं चाललं. चाचांना त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायचं कसं? एकाच जातीचे, एकाच पिसाऱ्याचे, पण एक घरचा आणि दुसरा जेवणाचा.

शकीलाचाची एकदा म्हणाली होती, "त्याच्या पायात लाल दोरा तरी बांधा. सगळे सारखेच दिसतात."

"सारखे तुला दिसतात," चाचा म्हणाले होते. "हजार तितर समोर सोड, त्यातून माझा वकील डोळे मिटून काढून दाखवीन. बापाला पोराच्या पायात दोरा बांधावा लागतो का?"

दोरा बांधला नाही तो नाहीच.

"मग सन तेहतीस साल," चाचा म्हणाले आणि त्यांचा हात पिंजणावरून आपोआप खाली आला. रेहानाची सोयरीक येवल्याच्या निजामभाईंच्या घरी जुळत आली होती. पैठणीचे माग असलेलं घर. सगळं पसंत होतं, तारीख तेवढी ठरायची होती. निजामभाई बोलता बोलता म्हणाले होते की नाशिककडचा तितर खाऊन फार दिवस झाले, आणि चाचांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "माझ्या दारात याल त्या दिवशी तितरच जेवाल." वकिलानं तीन पहाटे आरोळ्या दिल्या. सात सापडले. सातही अंगणात कोंबड्या झाकायच्या मोठ्या डाल्याखाली ठेवले आणि वरून ओलं पोतं टाकलं. अंधारात तितर भांडत नाही.

पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळी चाचा खाटा मागून आणायला गेले. शकीलाचाचीनं घर सारवलं, भांडी घासली, आणि पाहुण्यांच्या नजरेला पडेल म्हणून तो पिंजराही धुवायला काढला. आता आतला पक्षी कुठं ठेवायचा? तितर आहे, तितरात ठेवला.

"या अल्ला," गोटीराम म्हणाला.

"तेच म्हणालो मी."

चाचा परत आले तेव्हा पिंजरा उन्हात वाळत होता, धारेची सुरी पाटावर होती आणि डाल्याखाली आठ होते. ते हसले. बायकोला म्हणाले, काही हरकत नाही, आत्ता काढतो. डालं बोटभर उचलून त्यांनी हाक मारली, "वकील!" आठ माना आठ छात्यांत गेल्या. त्यांनी दुकानात जाऊन तात टणकारली. अंगण गप्प. वाळवी आणून डाल्याखाली सारली. कुणी चोच लावली नाही. भ्यालेला पक्षी खात नाही आणि बोलत तर नाहीच नाही.

मग एकेकाला हातात घेऊन बघितलं. पहिला वकीलच वाटला. तिसरा जास्त वकील वाटला. पाचव्याच्या शेपटीची पिसं पिंजऱ्याला घासल्यासारखी झिजलेली, पण सहाव्याचीही तशीच. तीन दिवस डाल्यात धडपडल्यावर कुणाची झिजणार नाहीत? आठवा हातात आला तोवर एकही वकील उरला नव्हता. प्रत्येकाच्या छातीत तेच धडधडत होतं, त्याच वेगानं, त्याच ऊबेनं. पंधरा-सोळा शेर कापूस रोज हातावरून जाणारा माणूस, कापसाची जात बोटानं सांगणारा, आणि ज्याला रोज सकाळी हातानं भरवलं तो त्याच्या हाताला ओळखू येईना.

"मला तिथं कळलं," चाचा म्हणाले, आणि हे त्यांनी पूर्वी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, "की मी त्याचा आवाज पाळला होता. आवाज बंद केला की तो सातांतलाच एक."

बाहेर घोड्यानं खूर आपटला.

"मग वळखायचं कसं?" चंद्रभागेनं विचारलं. तिच्या मांडीवरचा कापूस तिनं घट्ट धरला होता.

"एकच रस्ता होता, मावशी. डालं उघडायचं. रानातला असेल तो जाईल, घरचा असेल तो राहील."

"पण मग जेवनाला?"

"तेच तर. एक ओळखायचा तर सात सोडायचे. सात ठेवायचे तर आठवाही कापायचा. बरं, सातच कापीन म्हणालो, तर आठातला कुठला सोडायचा? पाहुणे नाशिक रोडला उतरलेले. इकडं पोरीचं लग्न, तिकडं माझा शब्द, आणि मधे ते डालं. मी सुरी घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसलो. किती वेळ बसलो, अल्लालाच माहीत."

पडद्याआडचं सूप थांबलं होतं. चाचांच्या ते लक्षात आलं. इथं किस्सा सोडून द्यावा, कापूस तोलायला घ्यावा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण चंद्रभागा तोंडाकडं बघत होती आणि गोटीरामची विडी हातातच विझली होती. अशा जागी आजवर ते थांबले नव्हते.

"आणि मी डालं उचललं," ते म्हणाले. "बोटभर नाही, पुरतं. उचललं आणि भिंतीवर फेकून दिलं!"

"हां!" गोटीराम म्हणाला.

"आधी कुणी हललंच नाही. आठही ऊन बघत बसले. मग मधला एक उठला. अंग झाडलं. माझ्या पायाशी आला, अंगठ्याच्या नखावर एक चोच मारली, आणि मान वर करून अशी आरोळी दिली, अशी, की शकीलाच्या हातातलं ताट पडलं. मी म्हटलं, वकील! हात पुढं केला. पण तो उडाला. कुंपणावर बसला, मागं वळला, परत आरोळी. आणि मावशी, ते सातही उठले! जन्मभर ज्यानं रानातल्यांना फाशात बोलावलं, त्यानं त्या दिवशी सातांना बाहेर बोलावलं. आठच्या आठ एका रांगेत गंगेवरून तपोवनाकडं गेले. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं. अजून पहाटे वारा इकडचा असला की त्याची आरोळी मला ऐकू येते. म्हणून पिंजरा ठेवलाय, दार उघडं."

"आन् पाव्हन्यांला काय वाढलं?"

"मसूर. निजामभाई खानदानी माणूस. दोनदा मागून खाल्ली आणि तारीख ठरवून गेले."

चंद्रभागेनं पदरानं डोळे पुसले. "मोठं काळीज केलंस, निसारभाई. एका जिवासाठी समद्यांना सोडून दिलंस. मी बी बाळ्याला देत नाय, सून काय बी म्हनू दे. देव तुझं भलं करो."

चाचांनी मान खाली घालून तो आशीर्वाद घेतला. घ्यायची सवय होती. गेली चार वर्षं हा किस्सा संपला की कुणी ना कुणी तो देतच असे.

पडदा बाजूला झाला. रेहाना सूप हातात घेऊन दारात उभी होती. तिनं चंद्रभागेकडं पाहिलं नाही, गोटीरामकडंही नाही.

"अब्बा, डालं तुम्ही उघडलंच नव्हतं. सासरे मला दर ईदला विचारतात, तुझा बाप गावभर सांगतो आम्हाला मसूर वाढली, मग त्या दिवशी आम्ही खाल्लं ते काय? आठही तुम्ही कापले, अब्बा. मसाला मी वाटला. आणि दोनदा रस्सा मागून घेतला तो त्यांनी नाही, तुम्ही."