लेख संपतो तिथं मी सुरू होतो

थांबा, थांबा! लेख संपला म्हणून लगेच निघू नका. मी इथं खाली आहे. लेखाच्या तळाशी, लेखिकेच्या फोटोशेजारी चार ओळी असतात ना, तो तिचा परिचय बोलतोय मी!

माझा जन्म दारव्ह्यात, मोहिउद्दीनभाईंच्या स्कूटी-मोटारसायकलच्या गॅरेजात झाला. त्यांची मुलगी अलफिया बी.ए. झालेली. बंद पडलेली स्कूटी बायकांना स्वतःच सुरू करता यावी म्हणून तिनं वेबसाइट काढली, धडे लिहिले. पण तिकडं कुणी फिरकेना. तेवढ्यात एका ऑनलाइन मासिकानं तिचे दोन लेख घ्यायचं कबूल केलं. वेबसाइटचा दुवा द्यायला तिथं जागा एकच, ती म्हणजे मी! वाचकाला बोट धरून तिच्या दारापर्यंत न्यायचं, हे माझं काम.

पण स्वतःबद्दल लिहायचं कसं? अलफियानं आजवर पाहिला होता तो बहिणीच्या लग्नाचा बायोडाटा. त्याच साच्यात तिनं मला ओतलं. ‘कु. अलफिया, बी.ए. स्वभाव शांत व मनमिळाऊ. आवड : वाचन, शिवणकाम.’

पहिला लेख पुष्कळांनी वाचला. माझ्यापाशी आले, जांभई दिली आणि गेले. दुव्याला एकानंही हात लावला नाही. मला इतकी लाज वाटली!

दुसऱ्या लेखाच्या दिवशी तिची मैत्रीण मोनाली गॅरेजात आली. मला वाचून पोट धरून हसली.

“पाहुणे पाहाले येऊन राह्यले का वं? उंची अन् रंग काहून नाही टाकला?”

“हसू नको ना. या लेखानंबी कोणी नाही आलं, त वेबसाइट बंद करून टाकीन मी.”

इतक्यात रस्त्यावर ट्रकनं हॉर्न वाजवला. अलफिया अशी दचकली, की हातातला पाना उडून बादलीत पडला.

“या अल्ला! गॅरेजात वाढली अन् हॉर्नले भेते,” मोहिउद्दीनभाई म्हणाले.

“हेच लिही!” मोनाली ओरडली.

“पागल झाली का? लोक हसतीन.”

“हसू दे. हसले त थांबतीन.”

अलफियानं मला पुसलं आणि नव्यानं लिहिलं. ‘हॉर्न वाजला की दचकते, पण बंद पडलेल्या स्कूटीला घाबरत नाही. तुम्ही घाबरता? मग या, पहिला धडा इथं आहे.’

अहाहा! अंगात वारं शिरलं माझ्या! लेख निघाला. कुणीतरी खाली आलं, थबकलं, हसलं आणि दुव्यावर बोट ठेवलं! मग दुसरं कुणी, मग तिसरं. अलफिया मोबाइलच्या पडद्यावर मलाच बघत होती, तोच तो वाजला. ती दचकली, मोबाइल निसटला, त्याच्यासोबत मीही पडलो! तिनं घाईनं उचलून कानाला लावला.

“मी मुकुटबनची वच्छलाबाई बोलून राह्यली. तुमची वेबसाइट पाह्यली. स्कूटी घेतली खरी, पण मलेबी हॉर्नची लय भीती वाटते, बाई. मले जमन का?”

तेवढ्यात बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

“ऐकलं का, मावशी?” ती हसत म्हणाली. “मी आताबी दचकली. काढा स्कूटी बाहेर!”

चला, निघा आता तुम्हीही. पण जाताना माझ्यावर एक बोट तेवढं ठेवून जा.