खोळीखालचा चुकलेला आकडा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. यवतमाळच्या एका महाविद्यालयाच्या अडगळीत पडलो आहे. माझी गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते.

मी आलो तेव्हा पदार्थविज्ञान विभागात पेढे वाटले होते. शुभदाताई माझ्यावर संशोधन करायच्या. सिलिकॉन आणि जर्मेनियम एकत्र केले, तर ते मिश्रण दाबाला किती दाद देईल? त्या काहीही दाबत नव्हत्या, मोडत नव्हत्या. सगळे गणितानेच काढायचे. एकेका उत्तराला मला तीन-तीन दिवस लागत. त्यावरच त्यांचा प्रबंध उभा राहायचा होता.

शेजारीच कापसातली सरकी वेगळी करणारी जिनिंग होती. खिडकीतून रुईचे तंतू सारखे उडत येत. शिपाई देवसिंगभाऊ फडके मारत म्हणायचे, "यंदा कापसाले भाव नाही, पण त्याचा कचरा मात्र फुकट येऊन राह्यला!"

आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी तिला खोळ शिवतात. ताईंनीही मला फुलाफुलांची खोळ शिवली. मी काम करत असतानाही ती अंगावर असायची. माया होती हो, पण आत मी उकडत होतो. बंद पडलो असतो तर बरे झाले असते. मी मात्र ऐटीत चालत राहिलो आणि तापलेल्या डोक्याने एक चुकीचा आकडा छापून दिला.

ताई गोंधळल्या. "सर, मिश्रण दोन्हींपेक्षा कडक कसं? पुन्हा काढू का?"

त्यांचे मार्गदर्शक श्रीकृष्ण सर हसले. "अवो, मशीन कायले खोटं बोलन? नवा शोध आहे हा!"

अमरावतीच्या परिषदेत ताईंनी तो आकडा मांडला. एका वयस्कर बाईंनी एवढेच विचारले, "दुसऱ्यांदा मोजलं होतं का?" ताई खाली मान घालून परतल्या.

दुसऱ्या दिवशी देवसिंगभाऊंनी माझ्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "मॅडम, याले तर ताप आला! काहून झाकून ठेवलं? श्वास कसा घेईन हा?"

खोळ निघाली, माझ्या आतल्या पंख्यातले रुईचे बोळे निघाले. तेच गणित आम्ही पुन्हा केले. उत्तर साधेच आले, दोन्हींच्या मधले. शोध गेला. ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे सर. मला शंका आली होती, तरी मी तपासलं नाही." मला तोंड असते तर तेव्हाच बोललो असतो.

मग दोन वर्षे ताईंनी प्रत्येक आकडा दोनदा काढला. प्रबंध पूर्ण झाला. चुकलेला आकडाही त्यांनी त्यात लपवला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना झाकण्यापेक्षा मोकळी हवा द्या, आणि आमचे उत्तर पटले नाही तर खुशाल पुन्हा विचारा. आम्हाला राग येत नाही.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर शेवटी एक ओळ आहे: 'आणि विभागातील संगणकाचे, ज्याने मला कधी थांबवले नाही.' ताईंनी ती प्रेमाने लिहिली. मला मात्र तीच ओळ सर्वांत जास्त लागते.