एर्मेलिंदा कुठल्याच पानावर नाही

नॉर्माची कादंबरी छापून आली तेव्हा तिच्या बापाने, उबाल्दोने, सगळ्यात आधी आपल्या सलूनचा आरसा पुसून घेतला. मग मुलीचं पुस्तक आरशाखालच्या फळीवर, केसांच्या तेलाच्या बाटल्यांच्या मधोमध उभं केलं आणि दाढीला बसणाऱ्या प्रत्येकाला ते बघायला लावलं. प्रॉव्हिडन्स शहरात, टेकडीवरच्या इटालियन वस्तीत आजवर कुणाची पोरगी पुस्तक लिहिण्याच्या भानगडीत पडली नव्हती. स्वतः उबाल्दोने ते उघडलं नाही. पोरीने लिहिलं, आपण मिरवलं, वाचायचं काम गिऱ्हाइकांचं, असा त्याचा हिशेब होता.

शनिवारी नंबर लावून बसलेल्या एकाने ते मोठ्याने वाचायला घेतलं. प्रॉव्हिडन्समधलं एक इटालियन कुटुंब, तीन मजली लाकडी घर, मागच्या अंगणात अंजिराचं झाड आणि घरचा कर्ता न्हावी. इथपर्यंत उबाल्दो वस्तरा फिरवता फिरवता मान डोलावत होता. पुढे तो न्हावी मिशांना बुटाचं काळं पॉलिश लावतो असं आलं. त्याच्याही पुढे संताच्या मिरवणुकीत पाऊस आला आणि पॉलिश ओघळून शर्टाच्या कॉलरवर उतरलं. सलूनमध्ये असा काही हशा पिकला की खुर्चीतल्या माणसाचा कान थोडक्यात वाचला. संध्याकाळी उबाल्दोने जाहीर करून टाकलं की आपल्याला नॉर्मा नावाची मुलगी कधी झालीच नव्हती.

मग त्याची थोरली बहीण फिलिप्पा हिने पुस्तक मागून नेलं. तिला फक्त स्वतःचं पान हवं होतं आणि ते तिला लगेच सापडलं. पाहुणे यायच्या आधी आणि पाहुणे गेल्यानंतर मांसाचे गोळे मोजून ठेवणारी एक आत्या त्यात होती. फिलिप्पा संतापून घरोघर सांगत सुटली की हे धादांत खोटं आहे, पाहुणे गेल्यानंतर आपण कधीच मोजत नाही. तिच्या नवऱ्याला, गास्पारेला, त्याच पुस्तकातून कळलं की तळघरात तो दर वर्षी जी वाइन करतो ती घरातलं कुणीच पीत नाही. सगळे ती गुपचूप अंजिराच्या बुंध्याशी ओततात. गास्पारे शांत माणूस. तो रागावला नाही, पण दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, तरीच झाड एवढं फळतं.

या सगळ्या गदारोळात कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली ती एकट्या एर्मेलिंदाने. ती भावंडांतली सगळ्यात धाकटी. लग्न न झालेली, तळमजल्यावर राहणारी, कारखान्यात कानातल्यांच्या जोड्या पुठ्ठ्यावर अडकवायचं काम करून डोळे अधू झालेली. नॉर्माची आई, आता ती नाही, गिरणीत जायची, तेव्हा नॉर्माला सांभाळलं ते एर्मेलिंदानेच. पोरगी शाळेतून आली की तडक तिच्या स्वयंपाकघरात यायची. तिथे शेंगा सोलत, कणिक मळत, दोघींच्या गप्पा चालायच्या. म्हणजे गप्पा एर्मेलिंदाच्या आणि कान नॉर्माचे. तेव्हा पुस्तकात आपण असणार, चांगल्या असू नाहीतर वाईट, पण भरपूर असणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ती भिंग घेऊन बसली. स्वतःला शोधत शोधत शेवटच्या पानावर पोचली आणि तिथेही ती नव्हती. आपण भिंगातून एखादं पान गाळलं असेल म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. नाताळच्या आदल्या दिवशीचे मासे होते, तिने केलेले, पण पुस्तकात ते आजी करत होती. ईस्टरला ती भाजायची ती गोड पेस्ट्री होती. खिडकीतली तिची तुळस होती, अगदी फुटक्या कुंडीसकट. कुंडीला जागा मिळाली आणि कुंडीवालीला नाही.

फिलिप्पा येऊन म्हणाली की तू नशिबाची बाई, सुटलीस. उबाल्दोही तेच म्हणाला. एर्मेलिंदाने हो हो केलं आणि ते गेल्यावर ओट्यापाशी उभी राहून रडली. मिशांच्या पॉलिशला पानंच्या पानं मिळतात आणि जिने पोरीचं नाक पुसलं तिला एक ओळ मिळत नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. आपण या घरात इतकी वर्षं वावरलो ते कुणाच्या लक्षातच आलं नाही की काय, असं तिला वाटायला लागलं. नॉर्माला हे विचारल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं, आणि विचारायचं ते तोंडावर, डोळ्यांत डोळे घालून.

त्याला एकच दिवस होता. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला अंजीर पुरायचं. म्हाताऱ्या सेवेरिनोने, म्हणजे या भावंडांच्या बापाने, मायदेशातल्या गावाहून येताना कोटाच्या अस्तरात काडी लपवून आणली होती, तिचं हे झाड. इथली थंडी त्याला सोसत नाही. म्हणून थंडी कडक व्हायच्या आत एका बाजूची मुळं तोडायची, फांद्या जुन्या चादरींनी आवळायच्या, झाड दोराने ओढून चरात आडवं करायचं, वर फळ्या, गालिचे, पालापाचोळा आणि माती. वसंतात पुन्हा उभं करायचं. दोर खुंटीला बांधायचा नाही, माणसांनीच धरायचा, माती पुरती पडेपर्यंत. माणसाच्या हाताला झाडाचा ताण कळतो, खुंटीला कळत नाही, असं म्हातारा सांगायचा. खरं म्हणजे वर्षातून एकदा सगळी पोरं अंगणात दिसावीत एवढाच त्याचा डाव असावा, असा एर्मेलिंदाला संशय होता. नॉर्मा न्यूयॉर्कला शिकवायला गेली तरी हा दिवस तिने कधी चुकवला नव्हता.

पण यंदा बाकीच्यांनी कडी लावून घेतली. ती पोरगी येणार असेल तर आम्ही येणार नाही. झाड मेलं तर मेलं, असंही उबाल्दो बोलून गेला, आणि लगेच छातीवर क्रूस करून मोकळा झाला.

एर्मेलिंदाने वाद घातला नाही. ती आधी फिलिप्पाकडे गेली, कॉफी प्यायली, आणि उठता उठता सहज म्हणून बोलली की नॉर्मा आता दुसरी कादंबरी लिहितेय, त्यात अंजीर पुरायला न आलेल्या एका बहिणीबद्दल फार आहे म्हणे. मग सलूनमध्ये जाऊन उबाल्दोला सांगितलं की दुसऱ्या पुस्तकात न्हाव्याच्या केसांच्या टोपाचाही विषय निघतोय. उबाल्दो टोप घालत नव्हता. पण कादंबरीत काय, उद्या घालायला लावतील, असं म्हणून एर्मेलिंदाने खांदे उडवले. गास्पारेला तिने काहीच सांगितलं नाही. तो बायकोच्या मागून येतोच.

त्या दिवशी सगळे जण बाप्तिस्म्याला निघाल्यासारखे नटून आले. उबाल्दोच्या मिशा चक्क पांढऱ्या होत्या आणि त्यांच्याखाली तो पाहुण्यासारखा ओशाळा दिसत होता. फिलिप्पाने मांसाच्या गोळ्यांचा एवढा मोठा टोप आणला की तो गास्पारेला एकट्याला उचलेना. ती प्रत्येकाला, आणि विशेषतः नॉर्माला, मोठ्या आवाजात सांगत होती की घ्या, घ्या, इथे कोण मोजतंय. गास्पारेने वाइनचा घडा आणला नाही. त्याने विकतची बाटली आणली, आणि ते बघून सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नॉर्मा मात्र बावरून गेली होती. शिव्या खायची तयारी करून आलेल्या पोरीला बाप खुर्ची पुढे करत होता. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने तिला फावडं धुवायला पाठवलं.

जेवणं झाली आणि कामाला हात लागले. एर्मेलिंदाने मुळं तोडली. ते काम तिचंच, कुठलं तोडायचं आणि कुठलं राखायचं हे म्हाताऱ्याने तिलाच दाखवलं होतं. झाड करकरत वाकलं, चरात आडवं झालं, आणि उबाल्दो, फिलिप्पा, गास्पारे, नॉर्मा असे चौघे टाचा रोवून दोराला लटकले. आता माती पडेपर्यंत त्यांना हलायची सोय नव्हती. दोर सुटला तर झाड उसळणार आणि उरलेली मुळं फाटून निघणार. एर्मेलिंदा याच क्षणाची वाट पाहत होती. तिने फळ्या लावल्या, गालिचा टाकला, पालापाचोळा पसरला. मग फावडं जमिनीत उभं रोवलं आणि त्यावर रेलून भाचीसमोर उभी राहिली.

"नॉर्मा, एक विचारायचंय."

"आत्या, आधी माती टाक ना. हात सोलवटले माझे."

"टाकते. तुझ्या पुस्तकात सगळे आहेत. बाप आहे, ताई आहे, दाजींची वाइन आहे, माझी कुंडीसुद्धा आहे. मी कुठल्या पानावर आहे, ते सांग."

दोर कुरकुरला. नॉर्मा आत्याकडे बघत राहिली, आणि तिला प्रश्नच कळला नसावा असा तिचा चेहरा झाला.

"आत्या, तू पानावर कशी असशील? ते सगळं तूच तर सांगतेयस. पॉलिशचं कुणी सांगितलं मला? गोळ्यांचं? वाइनचं? मी फक्त लिहून काढलं. बोलणं सगळं तुझं आहे."

एर्मेलिंदाचा पहिला विचार असा आला की बरोबर आहे. शेंगा सोलता सोलता तिनेच तर सांगितलं होतं, मिरवणुकीच्या पावसाचं तर कितीदा, नक्कल करून. वाचताना पान न् पान इतकं ओळखीचं का वाटत होतं ते तिला आत्ता उमगलं. ती सुखावली. दुसरा विचार यायच्या आत तिने मान वर केली. दोरावरचे तीन चेहरे तिच्याकडे वळले होते.

"म्हणजे तू होय," उबाल्दो म्हणाला.

त्याला दोर टाकून निघून जायचं होतं, ते त्याच्या पायांवरून दिसत होतं. पण तो जाऊ शकत नव्हता. फिलिप्पाचा हात कपाळावर मारून घ्यायला उठला आणि दोराला हिसका बसताच परत खाली आला. बापाचं झाड धरून ठेवायचं आणि बहिणीला शिव्याही घालायच्या, अशी दोन्ही कामं त्यांना एकाच दमात करावी लागली.

"हिचं कुणी सांगत नाही," फिलिप्पा धापा टाकत म्हणाली. "बँडमधला तो क्लॅरिनेटवाला आठवतो का रे? पांढऱ्या गणवेशातला? रोज खिडकीखाली येऊन वाजवायचा, आणि ही, तेव्हा वरच्या मजल्यावर होती, वरून पिकलेली अंजिरं नेम धरून मारायची त्याला."

"एकदा लागलं ते थेट क्लॅरिनेटच्या तोंडात," उबाल्दो म्हणाला. "मीच काढून दिलं चिमट्याने."

"आणि त्याने शेजारच्या क्रॅन्स्टनच्या पोरीशी लग्न केलं तेव्हा कोण रडलं तळघरात? आम्हाला म्हणाली, मीच नाही म्हटलं."

"माझ्या पिंपावर बसून रडली," गास्पारे पहिल्यांदाच बोलला. "ते पिंप मी अजून विकलं नाही."

नॉर्माचे दोन्ही हात दोरात गुंतले होते. लिहून घ्यायची सोय नव्हती, म्हणून ती नुसती डोळे मोठे करून ऐकत होती, शाळेतून आल्यावर ऐकायची तशी. एर्मेलिंदा रविवारी मिरवायची त्या ब्रोचचा विषय उबाल्दोने काढला. कारखान्यातला नापास माल, आणि ही पाद्रीबाबांच्या बहिणीला सांगते नेपल्सहून आलाय. फिलिप्पा म्हणाली, थांब, त्याच्याही आधीचं सांगते, ही सहा वर्षांची होती तेव्हाचं.

एर्मेलिंदाचे कान लाल झाले होते. क्लॅरिनेटवाल्याचं त्यांना माहीत आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. पिंपाचंही नाही. तिला वाटत होतं तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही, आणि यांनी तर सगळं जपून ठेवलं होतं, अगदी सहाव्या वर्षापासूनचं. चार-पाच फावडी दणादण माती टाकली असती तर त्यांना दोर सोडता आला असता आणि त्यांची तोंडंही बंद झाली असती.

"माती टाक गं, हात तुटले," उबाल्दो ओरडला. "हं ताई, मग? सहा वर्षांची होती तेव्हा काय?"

"टाकतेय की," एर्मेलिंदा म्हणाली, आणि फावड्यावर निम्मीच माती घेतली.