बायकांच्या बाकावरचा भाऊ

आमचे बाबा, आउग्सबुर्गचे लेओनहार्ट काल्टनहोफर. विणकराच्या पोटी जन्मले, व्हेनिसहून मिरी आणून पैसेवाले झाले, आणि पुढे चांदीच्या खाणी गहाण ठेवून घेऊन राजेरजवाड्यांना कर्ज द्यायला लागले. त्यांची नजर गेली तेव्हा पेढी कुणी सांभाळली? मी! कोणता सरदार पैसे बुडवणार, हे मला त्याच्या नोकराच्या फाटक्या मोज्यांवरून कळायचं. बाबा म्हणायचे, "वाल्बुर्गा, तू मुलगा असायला हवी होतीस."

नव्हते ना मी मुलगा! पेढीत मुलींना वाटा नाही, असा आमच्या घराचा करारच. मरताना बाबांनी पेढी धाकट्या काश्परला दिली. मला हुंडा देऊन उजवलं, वर हक्क सोडल्याचं लिहून घेतलं.

तेव्हा राजा आमच्या पेढीकडे मोठं कर्ज मागत होता. सासरी निघताना काश्परला बजावलं, "राजाला एक नाणं देऊ नकोस. त्याच्या खाणी आधीच दुसऱ्याकडे गहाण आहेत."

तो हसला. "ताई, तू आता लग्नाकार्यात बायकांच्या बाकावर बस आणि बदक खा."

दिलंच शेवटी कर्ज. राजानं हात वर केले आणि काश्परचं दिवाळं वाजलं.

परवा माझ्या लेकीचं, फेलिसिटासचं लग्न झालं. दिवाळखोरानं लग्नात पुरुषांत बसायचं नाही, बायकांत बसायचं, असा आमच्या शहराचा कायदा. काश्परनं दारातच माझी बाही धरली.

"ताई, दाजी नगरसभेत आहेत. त्यांनी डोळेझाक केली तर मला पुरुषांत बसता येईल. सगळं गाव बघतंय गं, एवढी लाज राख."

जीव तुटला माझा, खोटं कशाला बोलू? पाठचा भाऊ तो. आमचे हे लांबून माझ्याकडेच बघत होते. मी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

बाकावरून कुणीतरी ओरडलं, "या काश्परबाई, लाजू नका!" सगळ्याजणी खिदळल्या.

मी मान हलवणारच होते, तेवढ्यात तो पुटपुटला, "बायकांत बसायचं! त्यापेक्षा मेलेलं बरं."

मी त्याला बायकांच्या बाकापाशी नेलं, स्वतः बसले आणि सरकून जागा केली.

"बस. तू राजाला पैसे दिलेस, म्हणून तुला ही शिक्षा. मी तर नको म्हणाले होते. मग मी जन्मभर इथंच बसते, ती कशाची रे?"

तो बसला. मी त्याच्या ताटात बदकाची तंगडी वाढली.

"खा," म्हटलं.