दिवसाला अकरा वेळा

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुनं टमरेल आहे. हो, तेच. गोठ्याच्या भिंतीशी उपडं घातलेलं, पाणी भरून परसाकडे न्यायचं आणि आणून पुन्हा तिथेच उपडं घालायचं. टमरेल झाल्यापासून मला कुणी उजव्या हाताने उचललेलं नाही.

जन्माने मात्र मी टमरेल नव्हतो. वनस्पती तुपाचा दोन किलोचा डबा होतो. अंगावर पिवळा रंग होता, आणि झाकण इतकं घट्ट की उघडायला उलथन्याचं टोक लागायचं. कडेगावजवळच्या एका वाडीत कृष्णात नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरी बहिणीचं लग्न निघालं, तेव्हा बुंदी तळायला मला आणलं. बायका म्हणाल्या, "डबा लय ब्येस हाय, टाकू नगासा." मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. तूप संपलं, मग माझ्यात मीठ भरलं. मिठाने कडा खाल्ल्या. मग कृष्णातने दोन भोकं पाडून तारेचा कान ओवला आणि मला गोठ्यापाशी आणून ठेवलं. चूल ते गोठा, अंतर वीस पावलांचं. पण त्या वाटेने परत जाता येत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. हातात टमरेल असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, रामराम घालायचा नाही, थांबवायचं नाही. समोरून येणारा बाभळीकडे बघतो, आभाळाकडे बघतो. रीत चांगली आहे, माणसाची लाज राखते. मीही तिचं कौतुकच करत होतो. त्या वेळी मला काही कळत नव्हतं.

एकदा

कृष्णातची बायको बनुबाई. वय चौतीस. ती मला दिवसातून एकदा न्यायची, पहाटे, इतर बायकांबरोबर. अंगाने ती फार जड होती. बैलगाडीच्या मागच्या बाजूला बसली की जू वर उचललं जायचं. "वैनी, म्होरं सरका, न्हाईतर बैलं टांगत्याल," असं दीर म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची. परतताना मात्र बांधावर तीनदा थांबायची. तिचा श्वास भात्यासारखा वाजायचा. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून ती भिंतीला टेकून, बसूनच झोपत असे.

तिचा भाऊ लालासाहेब फौजेच्या दवाखान्यात हवालदार होता. पेन्शनीत आल्यावर साताऱ्याला राहत होता. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो आला आणि घराच्या पुढच्या सोप्यावर बसून त्याने नवल सांगितलं. मुंबईत विलायतेला शिकून आलेला एक डॉक्टर आहे. आतड्याची लांबच लांब गुंडाळी तो बाजूला ठेवतो, आणि वरचं टोक खालच्या टोकाला जोडतो. खाल्लेलं अंगी लागायच्या आत निघून जातं. माणूस आपोआप वाळतं.

सासू रंगूबाई कडाडल्या, "देवानं दिल्यालं आतडं कापाया ती काय सुताची गुंडी हाय?"

"आवं मावशी, माझी सख्खी भन हाय ती," लालासाहेब म्हणाला. "म्या शब्द देतो. काय झालं तर मला दारात उभं करू नगा."

बनुबाई दाराआडून ऐकत होती. तो शब्द तिने मनात गाठ मारून ठेवला.

अकरा

यापुढे मध्येच एखादा आकडा आला, तर त्या दिवसात तितक्यांदा बनुबाईने मला उचललं असं समजा.

मुंबईहून ती परत आली तेव्हा पोटावर टाक्यांची रांग होती. पहिल्या सहा महिन्यांत ती निम्मी झाली. गावात

दोन.

गावात तिला बघायला बायका येऊ लागल्या. तिची जुनी चोळी दोघींनी मिळून अंगात घातली आणि हसून हसून बेजार झाल्या. "बने, काय गं बाई ही जादू!" लालासाहेबाने साताऱ्याहून फोटोवाला आणला आणि तिला दारात उभं

पाच.

दारात उभं करून फोटो काढला. जुन्या फोटोशेजारी नवा लावून तो पेन्शनवाल्या दोस्तांना दाखवत फिरला. सगळे म्हणत, हवालदार, बहिणीचं सोनं केलंत. इकडे तिचे केस मूठ मूठ गळत होते. दिवेलागणीला वाटेतला दगड दिसेना, म्हणून पायाने चाचपत

आठ.

चाचपत चालायची. भाकरी खाल्ली की पोटात कळ. दूध प्यायलं की कळ. वाटेत गाव होतं, गावात माणसं होती, आणि माणसं बाभळीकडे बघत होती. अकरा वेळा ती त्यांच्यासमोरून जायची. ज्याला दिसली त्याला वाटायचं, आजची ही एकदाच. मोजलं कुणीच नाही. मीच काय तो मोजत होतो, आणि मला तोंड नव्हतं.

ती माझ्याशी एवढंच बोलायची, "चल रं बाबा." दिवसभरात दुसऱ्या कुणाशी ती इतक्यांदा बोलत नसावी.

ऊस उभा होता तोवर आडोसा होता. ऊस तुटून गेला आणि रान उघडं पडलं. त्या रिकाम्या रानात कवठे महांकाळच्या बाजूचे धनगर खतासाठी मेंढरं बसवायला आले. त्यांच्यात हरणाबाई नावाची एक म्हातारी होती. तिला आमची रीत ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून ती जुमानत नव्हती.

"थांब गं पोरी," तिने बनुबाईला वाटेतच अडवलं. "सकाळधरनं सातव्यांदा चाललीस. म्या बघतीया."

बनुबाईने मला पदराआड घेतलं.

"लपवतीस काय? मी काय मागून न्हेती का तुझा डबा?" हरणाबाई हसली. मग हसायची थांबली. "हगवण लागल्यालं मेंढरू आदी हलकं हुतंय. मालक म्हंतो, चपळ झालं. मग एक दिस खाली बसतंय आन उठतच न्हाई. घरात ठावं हाय का?"

"न्हाई."

"आन भाऊ-बीऊ हाय का न्हाई कोन?"

"त्यालाच तर सांगायचं न्हाई, मावशे. समदं त्येच्या शब्दावर झालंय. सांगितलं तर सासू त्येला उंबरा चढू द्यायची न्हाई."

हरणाबाईने काठी खांद्यावर घेतली. "शब्द त्येचा, आन हगवण तुला. ताकात मीठ घालून पीत जा," एवढं बोलून ती मेंढरांमागे गेली. पाच दिवसांनी धनगरांचा वाडा हलला. विचारणारं एकच माणूस होतं, तेही गेलं.

दोन

मित्रांनो, शरीर फार चिवट असतं. उरलेलं आखूड आतडं हळूहळू लांबाचं काम शिकलं. अकराचे सात झाले, सातांचे चार, आणि शहात्तरच्या दिवाळीत ती मला दिवसातून दोनदाच नेऊ लागली. केस परत आले. संध्याकाळी वाट दिसू लागली. माझ्या बुडाला पहिल्यांदा तांबूस गंज धरला. वापरातल्या भांड्याला गंज चढत नाही. त्या गंजाने मला जेवढा आनंद झाला, तेवढा बुंदीच्या दिवशीही झाला नव्हता.

पण वजनही परत आलं. आधी गालावर, मग दंडावर. चोळीची शिवण उसवली, तिने घातली, ती पुन्हा उसवली. कौतुकाला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. पाणवठ्यावर भेटल्या की बाभळीकडे बघू लागल्या. हातात मी नसतानाही!

"मुंबईला जाऊन काय आनलंस गं?" रंगूबाई म्हणाल्या. "पोटावर नक्षी. माप तर हुतं तितकं झालं."

"तितकं न्हाई, आत्याबाई. थोडं कमी हाय."

"व्हय, एक पायली कमी हाय."

बनुबाईला आता हसू येत नसे. कृष्णात भला माणूस, पण अबोल. ताटात वाढलेलं बायकोने मागे सारलं, की तो आपल्या ताटाकडे बघायचा.

नऊ

सत्त्याहत्तर सालच्या फाल्गुनात लालासाहेबाचं कार्ड आलं. कृष्णातने ते सोप्यावर मोठ्याने वाचलं. साताऱ्याच्या एका दोस्ताची मुलगी आहे, शालूबाई. वय बावीस. अंगाने जड म्हणून लग्न जमत नाही. तिचंही ऑपरेशन करायचं घाटत आहे. मुलीच्या आईला आधी बनूला डोळ्यांनी बघायचं आहे. पाडवा झाला की घेऊन येतो.

लालासाहेबाने वर्षभरात बहिणीला पाहिलं नव्हतं. त्याच्याजवळ फोटो होता. फोटो काही जाड होत नाही.

दुसऱ्याच दिवशी बनुबाईने एरंडेलाची बाटली आणली आणि गोठ्यात, माझ्यामागच्या कोनाड्यात लपवली. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन. जेवण जवळपास बंद. आणि

तीन.

आणि माझा गंज दोन दिवसांत घासून गेला.

सहा.

मला ओरडावंसं वाटलं. आतडं बिचारं शिकलं होतं, सावरलं होतं, आणि ती त्यालाच शिक्षा करत होती. डोळे खोल गेले. मला धरताना तिची बोटं आपोआप आकडायची.

नऊ.

हे बारा दिवस चाललं.

पाहुणे आले ते मुलगी बघायला यावेत तसे आले. फरक इतकाच की इथे दाखवायची होती ती लग्न झालेली बाई. शालूबाईची आई सुलाबाई सोप्यावर बसली आणि बनुबाईला वरपासून खालपर्यंत बघू लागली. गोठा सोप्याला लागूनच असल्याने मला सगळं ऐकू येत होतं.

"ही का ती?" सुलाबाई म्हणाली. "अंगानं बऱ्या दिसत्यात की. फोटूत लय नाजूक हुत्या."

"आवं, आदी दारातनं आडवी यायची ही," लालासाहेब उसनं हसून म्हणाला. पण त्याचा आवाज अडखळला. "व्हय का न्हाई, बने?"

कपबशा वाजल्या. मग बनुबाई घाईने गोठ्याकडे आली आणि तिने मला उचललं. सोप्यावरून आम्ही सगळ्यांना दिसत होतो. कृष्णातने कॅलेंडर वाचायला घेतलं. फौजेच्या दवाखान्यात वीस वर्षं काढलेला लालासाहेबही छपराकडे बघू लागला.

शालूबाई तेवढी उठली. "थांबा ताई, मी येती सोबतीला."

परतताना बांधावर बनुबाईचे पाय वळले. ती मटकन खाली बसली. शालूबाई आपलं जड अंग सावरत तिच्याजवळ बसली आणि तिची आकडलेली बोटं एक एक करून सरळ करू लागली.

"ताई, लय दुखतं का वं ते?"

"टाकं न्हाई दुखत. तू लग्नासाठी करतीयास?"

"चौघं बघून गेलं. पाचवा तर दारातनंच माघारी फिरला. चा-बी न्हाई पिला." शालूबाई हसली. "तुमी सांगा, करू का? आई तुमचंच ऐकनार हाय."

मी दोघींच्या मध्ये होतो. बनुबाई गप्प राहिली असती तर भावाचा शब्द उभा राहिला असता, आणि ही पोर पुढच्या महिन्यात मुंबईला गेली असती. तिला एक 'व्हय' म्हणायचं होतं. इतकंच.

"माझा जीव घुसमटायचा, म्हनून म्या केलं," बनुबाई सावकाश म्हणाली. "तुजा घुसमटतोय का?"

"न्हाई. मी चार घागरी आणती हिरीवरनं."

मग बनुबाईने सगळं सांगितलं. अकरा वेळा. केस. दिवेलागणीचा अंधार. परत आलेलं अंग. "आन बारा दिस झालं, एरंडेल पितीया. तुमास्नी बारीक दिसावं म्हनून."

"माझ्यापायी?" शालूबाई म्हणाली.

घरी आल्यावर बनुबाईने मला गोठ्याशी ठेवलं नाही. मला हातात घेऊन ती पायरी चढली, सोप्यावर गेली आणि चहाच्या बशीशेजारी, भावाच्या पुढ्यात मला ठेवलं.

रंगूबाई किंचाळल्या, "अगं ए! येडी झालीस का काय? घर बाटवलंस!"

"दादा," बनुबाई म्हणाली, "तू मला कवा इचारलं न्हाईस. कुनीच न्हाई. आता ह्येला इचार."

"काय इचारू?"

"दिसाला किती येळा, त्ये."

लालासाहेब एकदा माझ्याकडे बघत राहिला, एकदा तिच्याकडे. मग तो उठला. त्याने तिची नाडी धरली, पापणी खाली ओढून पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची चुणी बराच वेळ तशीच उभी राहिली.

"कवापासनं, बने?"

"मुंबईसनं. मदी थांबलं हुतं. आता म्याच लावून घेतलं."

"एक कारड टाकायचं हुतंस की गं!"

"तुजा शब्द पडला असता."

"पडू दे की शब्द! तू पडली असतीस तर काय करायचं हुतं म्या?" आणि तो हवालदार सगळ्यांसमोर रडला. रंगूबाईंनी त्याला दाराबाहेर काढलं नाही. त्यांनी आतून ताक आणलं, त्यात मीठ घातलं आणि सुनेच्या तोंडाला लावलं. मग गोठ्यात जाऊन, कुणाला न विचारता, एरंडेलाची बाटली नेमकी शोधून काढली आणि उकिरड्यावर ओतली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या गप्प होत्या.

"जाड तर जाड," त्या पुटपुटल्या. "घरात दिसंल तरी."

शालूबाईने आईचा हात धरला. "आई, ऊठ. यष्टी चुकंल."

किती, ते मला माहीत नाही

लालासाहेबाने बहिणीला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी औषधं दिली, चार दिवस ठेवून घेतलं, आणि सांगितलं की अंग आता थोडं भरणारच. त्याला भिऊ नका, आतड्याला भ्या. दर महिन्याला रक्त तपासा. चालत राहा. पोटात लपवून काही ठेवू नका.

बनुबाई आज पुन्हा जड आहे. बांधावर थांबते, पण तीनदा नाही, एकदाच. तिने नवा डबा काढला आहे. माझ्या बुडाला आता भोक पडलंय, पाणी धरत नाही. मी गोठ्यातच, बाटलीच्या रिकाम्या कोनाड्याखाली पडून असतो. कोंबडी येते, आत डोकावते आणि जाते. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? "चल रं बाबा" हे शब्द अजून कधी कधी ऐकू आल्यासारखे वाटतात.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. टमरेल गेलं तर दुसरा डबा मिळतो. पण तुमच्या घरात कुणी एकाएकी वाळलं, किंवा एकाएकी भरलं, तर नुसतं कौतुक करू नका, नुसतं हसू नका. जवळ जा आणि विचारा. ज्याचं नाव घ्यायची लाज वाटते, तेच आधी विचारा. ते माणूस चिडेल, तोंड फिरवेल. तरी विचारा.

आता उन्हं गोठ्यावर आली आहेत. सकाळपासून मला कुणी हात लावलेला नाही. असंच राहू द्या.